मशेरी लावता का? प्राथमिक आरोग्य केंद्रातलं एक प्रकरण

आधी एक खुलासा. या प्रकरणातली सून आणि सासू कुठल्याही एका घरातल्या नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातल्या ओपीडीत भेटणाऱ्या अनेक बायकांच्या गोष्टी एकत्र करून, कुणाची ओळख पटणार नाही अशा बेताने, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या चर्चेसाठी हे प्रकरण रचलं आहे. बाईचं वजन, हिमोग्लोबिन, आठवडे हे त्या रचनेचा भाग समजावेत. सर्वेक्षणांचे आणि अभ्यासांचे आकडे मात्र खरे आहेत.

केसपेपर

महिन्याची ९ तारीख. २०१६ पासून या दिवशी सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची खास तपासणी असते, त्यामुळे व्हरांड्यात बसायला जागा नव्हती. सून सासूबरोबर आली होती. म्हणजे सासूच तिला घेऊन आली होती, कारण कार्ड, पैसे आणि प्रश्नांची उत्तरं तिन्ही सासूकडे होती.

सून २४ वर्षांची, दुसरी खेप, २२वा आठवडा. वजन ४१ किलो. रक्तदाब ठीक. हिमोग्लोबिन ८.६, म्हणजे मध्यम रक्तक्षय. पहिली मुलगी तीन वर्षांची. ती ३६व्या आठवड्यात झाली आणि जन्मली तेव्हा २.१ किलोची होती. तक्रारी तीन: जेवण जात नाही, काम करताना दम लागतो, खालच्या हिरड्या हुळहुळतात. लोहाच्या गोळ्या रोज घेते म्हणाली. पिशवीतून पाकीट काढायला लावलं तर महिन्याभराच्या गोळ्यांतल्या निम्म्याहून जास्त तशाच.

तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं. या खेपेच्या आधीच्या भेटीतही ‘नाही’. पहिल्या बाळंतपणाच्या जुन्या कार्डावरही ‘नाही’. लिहिणाऱ्या सिस्टर वेगळ्या, अक्षर वेगळं, उत्तर तेच. आणि या उत्तरात बाई एकदाही खोटं बोललेली नव्हती.

हे उघड झालं ते योगायोगाने. रक्त घेण्यासाठी सिस्टरने तिचे दोन्ही हात पुढे करायला सांगितले, तेव्हा उजव्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर काळपट तपकिरी डाग दिसला. मेंदीचा नव्हे, हळदीचा तर नव्हेच. सिस्टर याच भागातल्या, त्यांच्या आईच्या बोटालाही तो होता.

“दात कशानं घासतीस गं?”

“मशेरीनं.”

“किती येळा?”

“घासायला सकाळी एकदा. मग अशी लावती अधनंमधनं.”

“अगं, मग तंबाखू नाही म्हणून सांगितलंस की मघाशी.”

“तंबाखू कुठं खाती मी! तंबाखू आमचं मामंजी खात्यात.”

सासूने मान डोलावली. तिच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता.

क्रियापदाची गोष्ट

मराठीत तंबाखू मळतात, चुना घालून दाढेखाली धरतात, खातात. बिडी ओढतात. मशेरी म्हणजे काळी भाजून कुटलेली तंबाखूच, पण ती मात्र लावतात, नाहीतर घासतात. लावणं हे क्रियापद कुंकवाचं, तेलाचं, मलमाचं. जी वस्तू लावायची असते तिचं व्यसन कसं असेल? आपण वर्षानुवर्षं बायकांना “तंबाखू खाता का?” असं विचारतो आणि त्या अगदी खरं खरं “नाही” म्हणतात. त्याहून वाईट प्रश्न म्हणजे “काही व्यसन?” व्यसन म्हणजे दारू, मटका, पत्ते. सासूच्या देखत सुनेला तो विचारला, तर तो तिच्या आरोग्याबद्दलचा प्रश्न राहतच नाही, तिच्या वळणाबद्दलचा होतो.

वस्तू एकच, पण नाव गावागणिक बदलतं. कुठे मशेरी, कुठे मिसरी, कुठे मिश्री. पुण्यामुंबईच्या डॉक्टरांना इंग्रजी शोधनिबंधातलं ‘मिश्री’ ठाऊक असतं आणि पुढ्यात बसलेली बाई ‘मशेरी’ म्हणाली की ते दोन शब्द डोक्यात जुळायला क्षणभर लागतो. हे मी थट्टेने लिहीत नाही. खडीसाखरेलाही मिश्री म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो हे मी पाहिलं आहे.

छापील फॉर्म या बाबतीत मदत करत नाहीत. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जोखीम तपासणीचा फॉर्म आशाताई घरोघर जाऊन भरतात. त्यात वय, कमरेचा घेर, व्यायाम, दारू, घरात कुणाला मधुमेह वा रक्तदाब आहे का, यांच्या जोडीला तंबाखूचा प्रश्न असतो: धूम्रपान करता का, किंवा गुटखा, खैनीसारखे पदार्थ घेता का? कधीच नाही म्हटलं की शून्य गुण, रोज म्हटलं की दोन. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. आमच्याकडे खैनी हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. या सासूबाईंचा फॉर्म नंतर काढून पाहिला. तंबाखू: शून्य. बेरीज: तीन. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाव घेऊन विचारलं की आकडे दिसतात. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात तपकीर, मिश्री, गुल, गुडाखू ही नावं घेऊन विचारणा होते. त्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. त्यात बिडी-सिगारेटवाल्या जेमतेम १.४ टक्के, धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा स्त्रियांचा आकडा १०.९ टक्के आहे. वर्षं वेगळी, पद्धत वेगळी, तेव्हा दोन आकडे समोरासमोर ठेवून वापर इतका घटला असं कुणी म्हणू नये. माझी शंका अशी की यातला काही फरक तरी प्रश्नाच्या शब्दांत आहे. ही शंका आहे, निष्कर्ष नव्हे.

पहिल्या सर्वेक्षणाचा देशपातळीवरचा आणखी एक आकडा मला जास्त बोचतो. आदल्या वर्षभरात डॉक्टर वा आरोग्य कर्मचाऱ्याकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांना ‘सोडा’ असा सल्ला मिळाला होता. धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्यांत हेच प्रमाण ३१.७ टक्के. धूर दिसतो, वास येतो, मग आपण बोलतो. मशेरी ओठाआड असते.

हे नवं आहे असंही नाही. नव्वदच्या दशकात मुंबईत ३५ वर्षांपुढच्या ९९,५९८ लोकांची पाहणी झाली, त्यात ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरणाऱ्या आढळल्या. जवळजवळ सगळ्याच धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या, आणि सर्वांत पुढे मशेरी. मुंबईच्या चाळीत आणि झोपडपट्टीत ही सवय कोकणातून आणि घाटावरून सामानाबरोबरच आली असणार.

डबी

आठवडी बाजारातून सुटी तंबाखू आणायची. निपाणीकडची मिळाली तर उत्तम. तव्यावर किंवा फुटक्या खापरावर काळी पडेपर्यंत भाजायची. घरभर ठसका उठतो, म्हणून पोरांना बाहेर काढतात. मग कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. डबी बहुतेक वेळा जुन्या बामाची किंवा पावडरीची असते. या घरातली डबी मोरीच्या कोनाड्यात होती, एकच, सगळ्या बायकांची मिळून. भाजायचं काम सासूचं.

भाजणं ही किरकोळ गोष्ट नाही. तंबाखूतली कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स तर असतातच, वर जळक्या पानातून बेन्झोपायरीनसारखी, धुरात सापडणारी रसायनं तयार होतात. म्हणजे ‘आम्ही कुठं ओढतो’ म्हणणाऱ्या बाईच्या हिरडीला ओढणाऱ्याच्या वाट्याचंही थोडं मिळतं.

कायद्यांनी या डबीला काय केलं ते पाहण्यासारखं आहे. टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली देशभर बंदी आली. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २०१६च्या एप्रिलपासून तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत सचित्र इशारा छापावा लागतो. तिन्ही गोष्टी योग्यच. पण जी मशेरी घरच्या तव्यावर बनते तिला ना कारखाना, ना पाकीट, ना चित्र. बामाच्या डबीवर फार तर बामाचीच जाहिरात असते.

सुनेची हकिकत तिच्या तोंडून तीन भेटींत मिळून आली. दहा-अकरा वर्षांची असताना दाढ दुखली, माहेरच्या आजीने चिमूटभर मशेरी दाबून धरायला दिली. चक्कर आली, उलटी झाली, पण दाढ थांबली. पुढे ती दाढ पडून गेली, मशेरी राहिली. लग्न होऊन आली तर सासरी डबी तयारच. आता दिवसातून पाच वेळा: उठल्या उठल्या, न्याहारीनंतर, दुपारच्या जेवणानंतर, शेतातून आल्यावर आणि झोपताना. दर वेळी पंधरा-वीस मिनिटं खालच्या ओठाआड. म्हणजे रोजचा तासाहून अधिक काळ निकोटिन हिरडीतून रक्तात. सकाळी डबी रिकामी दिसली तर काय होतं, असं विचारल्यावर ती हसली. “डोस्कं उठतं. अन् पोट साफच व्हत न्हाय.”

पोट साफ होत नाही

प्रकरणाची खरी गाठ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मशेरी लावणाऱ्या दहा बायकांना कारण विचारा, बऱ्याचजणी हेच सांगतील. शहरी डॉक्टर याला समजूत म्हणून उडवून लावतात. ती निव्वळ समजूत नाही. निकोटिन आतड्याची हालचाल वाढवतं. रोज सकाळी त्याच्या जोरावर पोट साफ करायची सवय लागलेल्या शरीराला तो धक्का मिळाला नाही तर पोट खरंच अडतं. त्यात गरोदरपणात संप्रेरकांमुळे आतडं आधीच मंदावलेलं असतं. आणि त्यावर आपण देतो लोहाच्या गोळ्या, ज्यांनी अनेकांचं पोट आणखी घट्ट होतं.

आता या बाईच्या बाजूने पाहा. दवाखान्यातून आणलेली गोळी घेतली की दोन दिवस पोट अडतं. अडलं की मशेरी वाढवावी लागते. किंवा गोळी बंद करावी लागते. तिने दोन्ही केलं: मशेरी तिनाची पाच वेळा झाली आणि गोळ्या पिशवीत राहिल्या. मशेरीने भूक मारली, गोळी पोटात गेली नाही, हिमोग्लोबिन खाली गेलं. मग सिस्टरने दोन भेटींत ‘गोळ्या नियमित घ्या’ असं लाल पेनने लिहिलं. एका खोलीत आपण रक्तक्षयावर उपचार करत होतो आणि दुसऱ्या खोलीतली सवय आपणच बळकट करत होतो. कुणी बेजबाबदार नव्हतं. फक्त हे दोन प्रश्न कुणी एकत्र विचारले नव्हते.

म्हणून पुढे जेव्हा उपाय सुरू झाला तेव्हा तो मशेरीपासून नाही, पोटापासून सुरू झाला. त्याआधी मात्र एक भेट फुकट गेली.

फुकट गेलेली भेट

त्या दिवशी केंद्रात नवे वैद्यकीय अधिकारी होते. हुशार, तळमळीचे. ‘मशेरी’ कळल्यावर त्यांनी मोबाइलवर तोंडाच्या कर्करोगाचे फोटो काढून सुनेपुढे धरले, पहिलं बाळ कमी वजनाचं का झालं ते आता कळलं ना, असंही म्हणाले. व्हरांड्यातल्या बायका ऐकत होत्या. सासू ऐकत होती.

शास्त्राच्या बाजूने डॉक्टर पूर्ण चुकीचे नव्हते. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेणारा अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि बाळंतपण सरासरी ६ दिवस आधी झालं होतं. यातल्या बहुतेक बायका मशेरी लावणाऱ्या होत्या. त्याच पाहणीच्या पुढच्या विश्लेषणात मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटीच्या आसपास दिसला. निकोटिन वारेतून बाळापर्यंत जातं आणि रक्तवाहिन्या आकसवतं, तेव्हा हे पटण्यासारखंही आहे.

पण १०५ ग्रॅम ही सरासरी आहे. ती गटाबद्दल बोलते. एका बाईचं २.१ किलोचं बाळ तिच्या मशेरीमुळेच झालं असं त्यातून म्हणता येत नाही. तेव्हा तिचं वय वीस-एकवीस होतं, वजन चाळिशीच्या आत असावं, आणि रक्ताची स्थिती आजच्यापेक्षा बरी असण्याचं काही कारण नव्हतं. व्हरांड्यात उच्चारलेल्या त्या एका वाक्याने घरी काय केलं ते नंतर आशाताईंना कळलं. नवऱ्याने विचारलं, “म्हंजी पोरगी बारीक झाली ती तुझ्यामुळं?” पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला बाई आली नाही.

मला विचाराल तर या भेटीने तिची मशेरी आणखी दहा वर्षांसाठी घट्ट झाली असती. तसं झालं नाही, याचं श्रेय एका आशाताईंना.

आशाताई, ओवा आणि रात्रीची गोळी

आशाताईंनी दोन गोष्टी केल्या. एक, त्या दुपारी तीनला गेल्या, जेव्हा पुरुष माणसं रानात असतात. दोन, त्यांनी मशेरीचा विषयच काढला नाही. “पोटाचं काय म्हणतीस?” एवढंच विचारलं.

मग बसून हिशेब झाला. लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायचं बंद, रात्री जेवणानंतर. चहाबरोबर तर नाहीच. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी. रात्री झोपताना इसबगोल, ते केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून. ताटात पालेभाजी आणि कोंड्यासकट पिठाची भाकरी आधीच होती. त्यात हात घालायची गरज नव्हती. आठवड्याने आशाताई परत गेल्या तेव्हा गोळ्यांचं पाकीट पुढे सरकलेलं होतं, आणि बाईने आपणहून सांगितलं की दुपारची मशेरी “इसारली एक-दोनदा.”

इथून पुढे मशेरीचं बोलणं सुरू झालं. पुस्तकात सांगतात त्या पाच पायऱ्या आहेत: विचारा, सल्ला द्या, तयारी जोखा, मदत करा, पुन्हा भेटा. दवाखान्यात आपण पहिल्या दोन कशाबशा करतो आणि पाचवी सोडून देतो. या बाईच्या बाबतीत सगळं काम पाचवीनेच केलं. आशाताई आठवड्यातून एकदा, कधी पाच मिनिटं, कधी उंबऱ्यावरूनच.

ठरलं ते असं. आधी शेतातून आल्यावरची सुटेल, मग दुपारची, मग न्याहारीनंतरची. रात्रीची चौथी. सकाळची शेवटी, कारण ती सर्वांत अवघड. एकदम सोडायला सांगितलं असतं तर? काही बायका एकदम सोडतात आणि जमवतातही. पहिले तीन-चार दिवस डोकं चढतं, चिडचिड होते, आणि दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. ही बाई एकत्र कुटुंबातली, सोळा माणसांचा स्वयंपाक करणारी. तिला चार दिवसांची चिडचिड परवडणारी नव्हती. तंबाखू सोडवण्यासाठीच्या निकोटिनच्या च्युइंगमचा विषय निघाला होता. गरोदरपणात आधी समुपदेशन, निकोटिनचं औषध डॉक्टरने तोलून-मापून, हे ठरलेलंच आहे. इथे ती वेळ आली नाही.

तलफ आली की तोंडात काय? भाजलेला ओवा, बडीशेप. एका शेजारणीने सुपारी सुचवली होती. ती आशाताईंनी तिथल्या तिथे खोडून काढली, आणि बरं केलं, कारण सुपारी स्वतःच कर्करोगकारक ठरलेली आहे आणि मशेरी सोडून सुपारीवर गेलेल्या बायका कमी नाहीत. दात घासायला साधी पेस्ट आणली, पण बोटानेच घासायची. ब्रश दिला होता. तो कोनाड्यात उभा राहिला. बोटाची सवय बोटालाच सोडवू द्यावी, असं आशाताईंचं म्हणणं. मला ते पटलं.

तंबाखू सोडण्यासाठी फोनवरून मोफत मदत मिळते, १८००-११-२३५६ या क्रमांकावर. तो कार्डावर लिहून दिला होता. फोन मात्र नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा दिवसभर रानात. क्रमांक लिहून देणाऱ्याने हे आधी विचारावं.

तरीही २८व्या आठवड्यात गाडी अडली. दोन वेळा उरल्या होत्या, त्या हलेनात. कारण सोपं होतं: दर पंधरा दिवसांनी सासू घरात मशेरी भाजत होती. तो वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. जिची डबी सामायिक तिला एकटीला मशेरी सोडायला सांगणं म्हणजे चूल पेटती ठेवून भात शिजू नको म्हणणं.

जिचा केसपेपर नव्हता ती

म्हणून पुढच्या तपासणीला सिस्टरने सासूलाही आत बोलावलं. “मावशी, तुमच्या हिरड्या कशा आहेत? बघू जरा.” सासू ४८ वर्षांची, पस्तीसेक वर्षांची मशेरी. खालचा ओठ ओढून बॅटरी धरली तर आत, हिरडी आणि ओठाच्या बेचक्यात, बोटाच्या पेराएवढा पांढरा, खरबरीत चट्टा. कापसाने पुसला, गेला नाही. दुखतो का? नाही. कधीपासून? “असंल की, कोण बघतंय आत.”

आठवून पाहा: हिच्या फॉर्मवर तंबाखूचे गुण शून्य होते, बेरीज तीन. ‘रोज’ला दोन धरले असते तर बेरीज पाच झाली असती आणि ती महिन्यांपूर्वीच तपासणीच्या यादीत वर आली असती. तिशीनंतर दर पाच वर्षांनी तोंडाची तपासणी व्हायला हवी, हा नियम कागदावर आहे. या बाईच्या तोंडात आजवर कुणी बॅटरी धरली नव्हती. ती दर महिन्याला केंद्रात यायची, सुनेबरोबर, बाकावर बसायची आणि परत जायची.

चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, हे तिला दोनदा समजावलं. पण असा चट्टा तपासल्याशिवाय सोडायचा नसतो. जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. पहिली तारीख चुकली, ऊस तुटायला आला होता. दुसरीही चुकली, टोळी लांबली. तिसऱ्या वेळी मुलाने मोटारसायकलवरून नेलं. तुकडा काढून तपासला. पेशींत वाईट बदल नव्हते. दर काही महिन्यांनी दाखवायचं आणि मशेरी बंद करायची, असा सल्ला मिळाला.

तिने बंद केली नाही. पण दोन गोष्टी झाल्या. घरात भाजणं थांबलं. आता ती जावेकडून तयार मशेरी आणते आणि डबी आपल्या कनवटीला ठेवते. हे तिने चट्ट्यामुळे केलं असं मला वाटलं होतं. तिने वेगळंच सांगितलं. नातीचा दात किडला होता आणि ती तीन वर्षांची पोर मोरीवर उभी राहून, आजी करते तसं, डबीत बोट घालत होती.

पुढे काय झालं

डबी मोरीतून गेल्यावर सुनेची रात्रीची सुटली. ३१व्या आठवड्यात सकाळचीही. हिमोग्लोबिन ३४व्या आठवड्यात १०.१. बाळंतपण ३८व्या आठवड्यात, मुलगा, २.६ किलो. यातलं किती मशेरी सुटल्यामुळे, किती गोळ्या पोटात गेल्यामुळे, किती जेवण वाढल्यामुळे, हे एका बाईवरून सांगता येत नाही आणि चर्चेत कुणी तसं सांगू लागलं तर त्याला अडवावं.

सव्वा महिन्यानंतर ती माहेरी गेली. तिथे आजी नाही, पण आई आहे आणि आईची डबी आहे. रात्रीची जागरणं, पाजणं, बाळाचं रडणं. दूध पाजताना निकोटिन दुधातून बाळापर्यंत जातं, हे तिला सांगितलेलं होतं, तिला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी तिने मशेरी लावली. बाळंतपणापर्यंत सोडलेली सवय बाळंतपणानंतर परत येणं हा नियमाला अपवाद नाही, आणि आपल्या पाठपुराव्याची वही नेमकी तिथेच संपते. गरोदर मातेचं कार्ड बाळंतपणाबरोबर कपाटात जातं. पुढच्या भेटी बाळाच्या लसीच्या असतात आणि त्यांत आईला कुणी काही विचारत नाही.

या केंद्राने त्यानंतर एक छोटी गोष्ट केली. लसीकरणाच्या वहीत, बाळाच्या वजनाच्या शेजारी, पेनने एक रकाना आखला. वर ‘मशेरी’ एवढंच लिहिलं. तंबाखू नाही, व्यसन नाही. वरून असा काही आदेश नव्हता, आणि छापील वही आली की तो रकाना पुन्हा आखावा लागतो.

चौदा आठवड्यांच्या लसीला सून सासरी परतली होती. बाळाच्या मांडीला सुई टोचून झाली, बाळ रडून गप्प झालं. सिस्टरने वही पुढे ओढली.

“मशेरी लावतीस का गं?”

सुनेने सासूकडे पाहिलं. “सकाळची एक. माहेरी तीन झालीवती.”

सिस्टरने ‘१’ लिहिलं आणि वही मिटायला घेतली.

“अन् माझी?” सासू बाकावरून म्हणाली. “माझी बी ल्ह्या की. दोन.”

त्या वहीत सासूसाठी रकाना नव्हता. सिस्टरने नवीन केसपेपर काढला.